सर के. एस. कृष्णन : धातूंच्या अंतरंगाचा शोधक

रामन परिणामाचे नाव निघाले की सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची फेटा परिधान केलेली भव्य मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. १९८७ सालापासून २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून देशभर साजरा होऊ लागला आणि ते नाव शाळकरी मुलांच्याही तोंडी बसले. त्या शोधाच्या दिवसांत रामन यांच्या जोडीने प्रयोगशाळेत राबलेल्या तरुणाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या ओळीत आटोपला जातो. तो तरुण म्हणजे करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन. त्यांच्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते त्यात एक हळहळ असते. नोबेल पारितोषिकाचा वाटा हुकलेला सहायक, अशी त्यांची प्रतिमा त्यातून तयार होते. आम्हांस ही प्रतिमा अपुरी वाटते. कृष्णन यांचे स्वतःचे असे जे विज्ञान होते, ते रामन यांची प्रयोगशाळा सोडल्यानंतर सुरू झाले. स्फटिक आणि धातू यांचे चुंबकत्व हा त्या विज्ञानाचा गाभा होय. मुलखापासून दूर राहून आयुष्य उभे करणाऱ्या आपणां सर्वांस या चरित्रात आपलेपणा वाटावा असे पुष्कळ आहे.

कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी तामिळनाडूत श्रीविल्लिपुत्तूरजवळच्या वत्राप या खेड्यात झाला. वडील शेतकरी, परंतु तमिळ आणि संस्कृत या दोन्ही वाङ्मयांत त्यांची उत्तम गती होती. घरातून मिळालेली ही भाषांची शिदोरी कृष्णन यांना जन्मभर पुरली. पुढे ते कलकत्त्यास, ढाक्यास, अलाहाबादेस आणि दिल्लीस राहिले, परंतु तमिळ व संस्कृत ग्रंथांचा व्यासंग त्यांनी कधी सोडला नाही. शालेय शिक्षण श्रीविल्लिपुत्तूर येथे आणि महाविद्यालयीन शिक्षण मदुरा व मद्रास येथे झाल्यावर ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक शिकवू लागले. दुपारच्या सुटीत तेथे त्यांची एक अनौपचारिक बैठक भरे. पदार्थविज्ञान, रसायन, गणित, ज्याला जी शंका असेल ती त्याने विचारावी आणि कृष्णन यांनी तिचा उलगडा करावा. दुसऱ्या महाविद्यालयांतील विद्यार्थीदेखील त्या बैठकीस येत.

१९२० साली ते कलकत्त्यास गेले. १९२३ साली बहूबाजारातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत ते रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. १९२८ च्या फेब्रुवारी महिन्यातील त्यांची दैनंदिनी उपलब्ध आहे. केवळ तात्त्विक गणितात गुंतून न राहता प्रत्यक्ष प्रयोगास हात घालावा, असे रामन यांनी त्यांना सुचविले होते. मग निरनिराळ्या द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशाचे निरीक्षण दिवसामागून दिवस चालले. नव्या प्रकारच्या विकिरणाची वार्ता देणारे टिपण नेचर या नियतकालिकात ३१ मार्च १९२८ रोजी प्रसिद्ध झाले. त्याखाली रामन आणि कृष्णन अशी दोघांची नावे होती. १९३० सालचे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. पारितोषिकाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानात रामन यांनी कृष्णन यांच्या कामाचा उल्लेख केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पारितोषिक जाहीर झाले तेव्हा कृष्णन कलकत्त्यास नव्हते. १९२८ च्या अखेरीस ते ढाका विद्यापीठात प्रपाठक म्हणून रुजू झाले होते. रामन यांची कीर्ती जगभर पसरत असताना ते मात्र नव्या गावात, मोजक्या साधनांनिशी, एका अगदी निराळ्या विषयाची पायाभरणी करीत होते. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील खरे निर्णायक वळण हेच.

हा विषय कोणता, ते समजण्यासाठी थोडे खोलात जाणे आवश्यक आहे. लोखंड चुंबकाकडे धावते हे आपण लहानपणापासून पाहतो. परंतु जगातील यच्चयावत् पदार्थांवर चुंबकाचा काही ना काही परिणाम होतो. काही पदार्थ किंचित ओढले जातात, ते अनुचुंबकीय. काही किंचित दूर लोटले जातात, ते प्रतिचुंबकीय. स्फटिकांच्या बाबतीत तर हा परिणाम दिशेगणिक बदलतो, असे मायकेल फॅरेडे यांना १८४८ साली बिस्मथच्या स्फटिकावरील प्रयोगांत आढळून आले होते. तथापि हे फरक इतके सूक्ष्म असतात की त्यांचे अचूक मापन करणे फार अवघड होते. दिशेगणिक होणारा हा फरक मोजावयाचा आणि त्यावरून स्फटिकाच्या आत अणुरेणू कसे मांडलेले आहेत ते ओळखावयाचे, हे काम कृष्णन यांनी अंगावर घेतले.

त्यांची युक्ती विलक्षण साधी होती. क्वार्ट्झच्या अतिशय बारीक तंतूला एक लहानसा स्फटिक चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगावयाचा. चुंबक त्या स्फटिकाला त्याच्या एका ठराविक दिशेत धरून ठेवतो. मग तंतूचे वरचे टोक सावकाश पिळीत जावयाचे. पीळ स्फटिकाला वळवू पाहतो, चुंबक त्याला आवरून धरतो. स्फटिक मूळ स्थितीपासून सुमारे ४५ अंश वळला की चुंबकाची पकड सुटते आणि तो एकाएकी गर्रकन फिरतो. त्या क्षणापर्यंत किती पीळ दिला, ते वाचले की दोन दिशांमधील चुंबकत्वाचा फरक हाती येतो. दुसऱ्या एका पद्धतीत ते स्फटिक द्रवात टांगीत आणि द्रवाचे चुंबकत्व कमीजास्त करीत. दोहोंचे चुंबकत्व तंतोतंत जुळले म्हणजे स्फटिक जागचा हलत नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत समान वजन पडावे, तसाच हा प्रकार. ढाक्यातील या कामात बी. सी. गुहा आणि एस. बॅनर्जी हे त्यांचे सहकारी होते.

कपाटात ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्या आपल्या घरोघरी असतात. त्यांतील नॅफ्थॅलीनचे रेणू चपट्या चकत्यांसारखे असतात. चकतीला लंब अशा दिशेत त्यांचे प्रतिचुंबकत्व अधिक, चकतीच्या पृष्ठभागात कमी. तेव्हा स्फटिकाचे चुंबकत्व तिन्ही दिशांनी मोजले की आतील चकत्या कशा कलत्या बसल्या आहेत ते सांगता येते. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडण्याचे काम त्या वेळी इंग्लंडात जोरात सुरू होते. कृष्णन यांची मोजमापे त्या कामास फार उपकारक ठरली. प्रख्यात स्फटिकतज्ज्ञ कॅथलीन लॉन्सडेल आणि कृष्णन यांचा या विषयावरील संयुक्त निबंध रॉयल सोसायटीने १९३६ साली प्रसिद्ध केला.

ढाका विद्यापीठात त्या काळी सत्येंद्रनाथ बसू होते. कणांच्या गणतीची एक नवी रीत त्यांनी १९२४ साली मांडली होती. इलेक्ट्रॉनांची गणती मात्र त्याहून निराळी, फर्मी आणि डिरॅक यांच्या रीतीने करावी लागते. धातूंच्या चुंबकत्वाचे मर्म याच गणतीत आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. धातूत असे असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. मग चुंबक जवळ आणताच ते सर्व एका दिशेला का वळत नाहीत? तांबे लोखंडासारखे का वागत नाही? वोल्फगांग पाउली यांनी १९२७ साली याचे उत्तर दिले. ते समजण्यास सुटीत गावी जाणाऱ्या आगगाडीची कल्पना करावी. प्रत्येक बाकावर दोघांनाच जागा आणि तीही एकाचे तोंड इकडे व दुसऱ्याचे तिकडे, या अटीवर. खालची सर्व बाके भरलेली. ज्याला तोंड फिरवावयाचे असेल त्याला दुसरे रिकामे बाक शोधले पाहिजे, आणि रिकामी बाके फक्त अगदी वरच्या बाजूस. म्हणून वरचे थोडेच प्रवासी तोंड फिरवू शकतात, बाकीचे जागच्या जागी जखडलेले. तांबे, सोडियम अशा धातूंचे चुंबकत्व इतके क्षीण का, याचे हे कारण. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांत इलेक्ट्रॉनांचा परस्परांशी असा काही पुंजयामिकीय संबंध जडतो की एका दिशेला तोंड करून राहणेच त्यांना सोयीचे होते. हायझेनबर्ग यांनी १९२८ साली त्याची मीमांसा केली. पुढे १९३० साली लेव्ह लँडाऊ यांनी दाखवून दिले की चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांचे वर्तुळाकार भ्रमणही ठराविक टप्प्यांतच होते आणि त्यातून प्रतिचुंबकत्व निर्माण होते.

१९३३ साली कृष्णन महेंद्रलाल सरकार प्राध्यापक म्हणून कलकत्त्याच्या त्याच संस्थेत परतले. आता त्यांनी ग्रॅफाइटकडे लक्ष वळविले. आपण ज्याला पेन्सिलीचे शिसे म्हणतो, तो हा पदार्थ. ग्रॅफाइट हा धातू नव्हे, तथापि त्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि तो वीज वाहून नेतो. त्याची घडण पापुद्र्यांची. पापुद्र्यांना लंब अशा दिशेत त्याचे प्रतिचुंबकत्व पापुद्र्यांच्या दिशेतील प्रतिचुंबकत्वाच्या सुमारे चाळीस पट भरते. तापमान बदलले की ते कसे बदलते, हे कृष्णन आणि त्यांचे सहकारी एन. गांगुली यांनी बारकाईने तपासले आणि हे चुंबकत्व पापुद्र्यांत फिरणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे आहे, असा निष्कर्ष १९४१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. त्यांच्या मीमांसेचा तपशील पुढे बदलला. वॉलेस यांनी १९४७ साली व मॅक्लूर यांनी १९५६ साली अधिक पूर्ण सिद्धांत दिला. परंतु त्या सिद्धांताला ज्या वस्तुस्थितीचा उलगडा करावयाचा होता, तिचे मापन बहूबाजारात झालेले होते. ग्रॅफाइटचा एकच पापुद्रा २००४ साली सुटा करण्यात आला आणि त्या कामास २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा कृष्णन यांच्या दूरदृष्टीची आठवण होणे स्वाभाविक होते.

१९३६-३७ च्या सुमारास कृष्णन यांनी युरोपचा दौरा केला. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतही त्यांची व्याख्याने झाली. तेथे डेव्हिड शोनबर्ग हे तरुण शास्त्रज्ञ एका गूढ परिणामाच्या मागे लागलेले होते. अतिशय थंड केलेल्या बिस्मथभोवतीचे चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेले असता त्याचे चुंबकत्व लाटेसारखे वरखाली होते, असे द हास आणि व्हान आल्फेन यांना १९३० साली लायडन येथे आढळले होते. लँडाऊ यांच्या टप्प्यांचा हा प्रत्यक्ष पुरावा. त्याच्या मापनास कृष्णन यांची तंतूला स्फटिक टांगून पीळ मोजण्याची रीत उपयोगी पडेल, हे शोनबर्ग यांनी हेरले आणि त्या रीतीने केलेले त्यांचे प्रयोग यशस्वी झाले. निरनिराळ्या धातूंतील इलेक्ट्रॉनांचा जणू नकाशाच पुढे या मार्गाने काढता आला. ढाक्यात साध्या साधनांनी सिद्ध झालेली युक्ती अशा रीतीने धातुविज्ञानाच्या अग्रभागी जाऊन पोचली. आम्हांस कृष्णन यांच्या कोणत्याही मानसन्मानापेक्षा ही घटना अधिक मोलाची वाटते.

सन्मानही पुष्कळ आले. १९४० साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, १९४६ साली सर हा किताब. १९४२ साली ते अलाहाबाद विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्रमुख झाले आणि तेथे ए. बी. भाटिया यांच्या सहकार्याने धातूंच्या विद्युत्‌रोधाचा सैद्धांतिक अभ्यास केला. १९४७ साली नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून त्यांची निवड झाली. तिची कोनशिला पंडित नेहरूंनी ४ जानेवारी १९४७ रोजी बसविली आणि उद्घाटन सरदार पटेलांच्या हस्ते २१ जानेवारी १९५० रोजी झाले. देशाची मोजमापे जेथे प्रमाणित होतात अशी ही संस्था. जन्मभर सूक्ष्म मापनात रमलेल्या माणसाकडे तिचे धुरीणत्व यावे, हा योग उचितच म्हणावा लागेल. तेथे द्रवरूप हेलियम तयार करण्याची यंत्रणा १९५२ साली आली आणि अतिशीत तापमानावरील संशोधनाची सोय आपल्या देशात झाली.

प्रशासनाचा भार किती जड असतो, हे सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हां मंडळींस ठाऊक आहे. टिपणी, मंजुरी, अंदाजपत्रके यांच्या रगाड्यात मूळ विद्या बाजूस पडते. कृष्णन १९४८ सालापासून अणुऊर्जा आयोगाचेही सदस्य होते. तरीही तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात, विजेने तापविलेल्या सळईत उष्णता कशी विभागली जाते, या प्रश्नांवर ते एस. सी. जैन यांच्याबरोबर संशोधन करीत राहिले. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९५८ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकाचे ते पहिले मानकरी ठरले. जून १९६१ मध्ये नवी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले. प्रयोगशाळेसमोरील रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. दिल्लीकर मराठी कुटुंबांपैकी कित्येकांचे त्या रस्त्याने जाणे-येणे असते.

कृष्णन यांच्यावर अन्याय झाला काय, या प्रश्नाची चर्चा विद्वान करीत राहतील. स्वतः कृष्णन यांनी मात्र आपले उत्तर कामातून दिले. कलकत्ता सुटले तेव्हा त्यांनी गेलेल्या गोष्टीचा शोक करीत बसण्याऐवजी नव्या ठिकाणी नवा विषय उभा केला आणि तो जगाच्या उपयोगी पडेपर्यंत नेला. जेथे जाईल तेथे रुजावे, आपली भाषा व विद्या जतन करावी आणि त्या भूमीस काही देऊन जावे, हा त्यांच्या चरित्राचा आशय आहे. गेली पन्नास वर्षे आपल्या मंडळाने परमुलखात हेच व्रत चालविले आहे. मुलाबाळांना रामन यांची कथा सांगताना तिच्या जोडीने कृष्णन यांचीही कथा आपण सांगावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची विनंती आहे.