ईश्वरेच्छेचा शोध : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

वर्धा जिल्ह्यांतील आमच्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगीं आम्ही वसईच्या एका सुपुत्राचें स्मरण करितों. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसईस झाला. येशूसंघीय गुरूंजवळ शिकून ते त्यांच्यासमवेत जपानांत गेले, तेथील भाषा शिकले व धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षें राबले. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची तळमळ मात्र सफळ झाली नाहीं. खिन्न होऊन ते व्यापारास लागले. धन मिळालें, परंतु समाधान लाभलें नाहीं. ती अस्वस्थता हीच देवाची हांक होती, असें आम्हांस वाटतें.

पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे धर्मबंधु झाले. पूर्वीं शिकलेली जपानी भाषा आतां कामीं आली. १५९३ सालीं दुभाषी म्हणून ते जपानास परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यांनीं क्रूसावर प्राण अर्पिला. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें.

एक मनोरथ भंगला म्हणून देवाचें पाचारण संपत नाहीं. वाट दिसेनाशी झाली, तर आम्हीं प्रार्थना करावी, वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा व हातचें काम निष्ठेनें करीत राहावें. संत गोन्सालो, आम्हांसाठीं विनंती करा.