टेस्लाने मोटर तर बनवली, पण तिला लागणारी वीजच तेव्हा कुणाकडे नव्हती

एखादी जुनी लेथ किंवा ड्रिल मशीन स्वस्तात मिळते. हौसेने घरी आणतो आणि मोटरवरची प्लेट वाचल्यावर कळतं की ही थ्री फेजची आहे. घरात मात्र सिंगल फेज. आता काय करायचं?

हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त काळापूर्वी अगदी असाच प्रश्न एका माणसापुढे उभा राहिला होता. विशेष म्हणजे ती मोटर त्यानेच शोधली होती. त्याचं नाव निकोला टेस्ला.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान या खेड्यातला. वडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धर्मगुरू. पोरानेही तेच करावं अशी त्यांची इच्छा होती, पण पोराला इंजिनिअर व्हायचं होतं. १८७५ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथे वर्गात डीसीवर चालणारं एक मशीन होतं. ते चाललं की ब्रशपाशी ठिणग्या उडायच्या. हे ब्रश काढूनच टाकले तर, असं टेस्लाने विचारलं. ते कसं अशक्य आहे हे प्राध्यापकांनी सगळ्या वर्गासमोर समजावून सांगितलं. टेस्ला गप्प बसला, पण विषय डोक्यातून गेला नाही. पुढे त्याचं शिक्षण अर्धवट सुटलं आणि डिग्री काही मिळाली नाही.

१८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत मित्रासोबत फिरताना त्याला उत्तर सुचलं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

काय होतं ते उत्तर? मोटरच्या आत तारेची वेगवेगळी वेटोळी ठेवायची आणि प्रत्येकात एसी करंट थोडा मागे-पुढे सोडायचा. एका वेटोळ्यातला करंट उतरत असताना दुसऱ्यातला चढत असतो. त्यामुळे आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरायला लागतं आणि त्याच्या मागे रोटर फिरतो. ना ब्रश, ना ठिणग्या.

सायकलचं उदाहरण घ्या. दोन पायांनी आळीपाळीने पेडल मारलं की सायकल लगेच निघते. एकाच पायाने मारायचं म्हटलं तर पेडल वर किंवा खाली अडकतं. कुणी धक्का दिला तर मात्र एका पायानेही चालते. सिंगल फेजवर मोटरचं नेमकं हेच होतं. फिरायला लागली तर फिरत राहते, पण स्वतःहून सुरू होत नाही.

१८८४ मध्ये टेस्ला अमेरिकेत आला. एडिसनच्या कंपनीत जेमतेम सहा महिने टिकला. मग स्वतःची कंपनी काढली, तर पैसे घालणाऱ्यांनी त्यालाच बाहेर काढलं. पोटासाठी त्याने मजुरांसोबत खड्डे खणले.

१८८७ मध्ये नवे गुंतवणूकदार मिळाले आणि न्यूयॉर्कमध्ये प्रयोगशाळा उभी राहिली. १ मे १८८८ ला मोटरची पेटंट मिळाली. त्याच महिन्यात त्याने अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेत व्याख्यान दिलं आणि जुलैमध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउसने हक्क घेतले. रॉयल्टी ठरली हॉर्सपॉवरमागे अडीच डॉलर.

आता हा माणूस श्रीमंत होणार असं कुणालाही वाटेल. पण खरी अडचण इथून पुढे सुरू झाली.

टेस्ला पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसच्या कारखान्यात गेला. कंपनीची वीज होती बल्ब पेटवण्यासाठीची, म्हणजे सिंगल फेज आणि सेकंदाला १३३ सायकल. टेस्लाच्या मोटरला हवे होते दोन फेज आणि त्याहून बऱ्याच कमी सायकल. मोटर उत्तम होती, पण ती जोडायची कुठे? त्यासाठी नवे जनरेटर आणि जास्तीच्या तारा लागणार होत्या. मोटर विकत घ्यायला कुणी नसताना तो खर्च कोण करणार? आणि वीज नसताना मोटर कोण विकत घेणार?

१८८९ मध्ये टेस्ला पिट्सबर्ग सोडून न्यूयॉर्कला परतला. पुढे कंपनी पैशाच्या अडचणीत आली आणि मोटरचं काम रेंगाळलं.

पण टेस्लाने दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न केले होते. वीज बदलता येत नसेल तर एकाच फेजमधून दुसरा फेज बनवायचा. दोन वेटोळ्यांची रचना वेगळी ठेवली की एकातला करंट दुसऱ्यापेक्षा मागे पडतो. डिसेंबर १८८८ मध्येच त्याने यासाठी पेटंटचे अर्ज केले. १८९१ च्या एका पेटंटमध्ये त्याने हाच फरक पाडायला कपॅसिटर वापरला. आपले इलेक्ट्रिशियन ज्याला कंडेन्सर म्हणतात, तोच हा.

इकडे युरोपात इटलीच्या गॅलिलिओ फेरारिसने फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. जर्मनीत काम करणाऱ्या मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने थ्री फेज मोटर बनवली. १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर थ्री फेज वीज नेऊन दाखवली गेली. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली, तीही थ्री फेज लाइनने.

म्हणजे शेवटी मोटरला हवी तशी वीज जगाने उभी केली. पण ती कारखान्यांपर्यंत. बल्ब-पंख्याला एक फेज पुरतो, म्हणून बहुतेक घरांत सिंगल फेजच राहिला.

मग घरातल्या त्या लेथचं काय? तीन मार्ग आहेत.

पहिला, कपॅसिटर. दोन टोकांना घरची वीज आणि तिसऱ्याला कपॅसिटरमधून करंट. हा सगळ्यात स्वस्त, पण मोटर पूर्ण ताकद देत नाही. साधारण दोन तृतीयांशच धरा.

दुसरा, रोटरी कन्व्हर्टर. यात एक रिकामी थ्री फेज मोटर सिंगल फेजवर फिरवत ठेवतात. ती तिसरा फेज तयार करते आणि त्यावर बाकीची मशीनं चालतात.

तिसरा, व्हीएफडी. हा घरच्या एसीचं आधी डीसी करतो आणि त्यातून थ्री फेज बनवतो. स्पीडही कमी-जास्त करता येतो. घरातल्या एका मशीनसाठी हाच सोयीचा.

मात्र आधी प्लेट वाचा. घरी २३० व्होल्ट असतात. प्लेटवर २३०/४१५ लिहिलं असेल, तर मोटरची जोडणी स्टारवरून डेल्टा करावी लागते. नुसती ४१५ ची असेल तर साधा व्हीएफडी पुरत नाही. आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, त्यामुळे हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

टेस्लाला यातून काय मिळालं? कंपनी अडचणीत असताना त्याने रॉयल्टीवर पाणी सोडलं. पुढे पेटंटचे एकरकमी पैसे मिळाले, ते प्रयोगांत संपले. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत तो एकटाच वारला.

घरातला सीलिंग फॅन काठीने ढकलल्याशिवाय फिरत नसेल, तर बहुतेक वेळा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. नवा टाकला की एका फेजमधून दुसरा बनवायची टेस्लाची ती युक्ती पुन्हा कामाला लागते.