चंद्रपूरला बर्फ होता हे कोडं सोडवणारा माणूस ग्रीनलँडच्या बर्फातच राहिला

चंद्रपूर म्हटलं की काय आठवतं? कोळसा, वाघ आणि मे महिन्यातला जीवघेणा उन्हाळा. पण याच चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या खोऱ्यात इरई नावाचं गाव आहे. 1870 च्या दशकात इंग्रजांच्या भूगर्भशास्त्र खात्यातल्या लोकांना तिथे चुनखडीचा एक सपाट खडक सापडला. वरून घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेने ओढलेले ओरखडे. असे ओरखडे नदी काढत नाही, वारा काढत नाही. दगडगोटे पोटात धरून जमिनीवरून सरकणारा बर्फाचा जाड थरच ते काढतो.

म्हणजे विदर्भात कधीकाळी हिमनदी होती. साधारण 30 कोटी वर्षांपूर्वी. आता प्रश्न असा की विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ आला कुठून? ओडिशातल्या तालचेरला अशाच खुणा मिळाल्या होत्या. दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही मिळाल्या. शास्त्रज्ञ चक्रावले होते.

या कोड्याचं पटेल असं उत्तर दिलं ते आल्फ्रेड वेगेनर यांनी. आणि गंमत म्हणजे हा माणूस भूगर्भशास्त्रज्ञ नव्हताच.

वेगेनर यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1880 चा, बर्लिनमधला. 1905 मध्ये त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट घेतली, पण जीव रमला हवामानात. पुढच्याच वर्षी भाऊ कुर्टसोबत ते फुग्यात बसले आणि सलग 52 तास हवेत राहिले. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. त्याच 1906 साली ते एका डॅनिश मोहिमेसोबत पहिल्यांदा ग्रीनलँडला गेले. त्या मोहिमेचा प्रमुख आणि त्याचे दोन साथीदार थंडी-उपासमारीने मेले. ते सगळं जवळून बघूनही वेगेनर पुन्हा तिकडे गेले. एकदा नाही, तीनदा.

1910 च्या सुमारास एक नवा ॲटलास चाळताना दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतात, हे त्यांच्या नजरेत भरलं. हे आधीही काहींना दिसलं होतं. वेगेनर मात्र तिथे थांबले नाहीत. त्यांनी दोन्हीकडचे खडक, जीवाश्म आणि जुन्या हवामानाच्या खुणा जुळवायला घेतल्या. जानेवारी 1912 मध्ये त्यांनी फ्रँकफर्टच्या सभेत आपला विचार मांडला आणि 1915 मध्ये पुस्तक काढलं. सगळे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर सरकत दूर गेले, हे त्याचं सार.

आता इरईचा खडक पुन्हा बघा. हे दक्षिणेकडचे सगळे भूभाग नकाशावर एकत्र ठेवले की बर्फाच्या विखुरलेल्या खुणा एकाच मोठ्या हिमस्तराच्या होतात आणि तो हिमस्तर दक्षिण ध्रुवाभोवती येतो. तेव्हा चंद्रपूर अंटार्क्टिकाच्या शेजारी होतं. बर्फ आपल्याकडे आला नव्हता, आपणच बर्फाकडून इकडे आलो.

आमच्या लिंबागणेशला मात्र असा ओरखडा शोधायला जाऊ नका. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात विहीर खणायला घेतली की लागतो तो काळा पाषाण. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. भारत उत्तरेकडे सरकत असतानाच तो ओतला गेला. त्याच्याखाली आणखी जुनं काय असेल ते असेल, आपल्या पहारीला ते लागणार नाही.

वेगेनर यांच्या म्हणण्यावर विद्वान लोक तुटून पडले. हवामानाच्या माणसाने आमच्या शेतात का शिरावं, हा राग होताच. पण एक आक्षेप रास्त होता. खंड सरकतात म्हणता, तर त्यांना ढकलतं कोण? वेगेनर यांच्याकडे याचं धड उत्तर नव्हतं. त्यांनी सुचवलेली बलं फारच तोकडी होती. 1926 च्या न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांच्या कल्पनेचे वाभाडे निघाले. जर्मनीत त्यांना प्राध्यापकाची कायमची जागाही मिळाली नाही. 1924 मध्ये ती मिळाली, ती ऑस्ट्रियातल्या ग्राझला.

शाळेत वेगेनर म्हटलं की इथेच धडा संपतो. माझ्या मते त्यांचं तितकंच मोठं काम बर्फावरचं आहे.

त्यांचे सासरे होते व्लादिमिर कोपेन. जगाच्या हवामानाचे गट पाडणारे हेच ते कोपेन, ज्यांच्या वर्गवारीत बीड उष्ण आणि निमकोरड्या पट्ट्यात येतं. सासरे-जावयांनी मिळून 1924 मध्ये प्राचीन हवामानावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मिलुतिन मिलान्कोविच या सर्बियन गणितज्ञाची आकडेमोड घेतली. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांत बदलतो, त्यामुळे ऊन कमीजास्त पडतं आणि हिमयुगं येतात-जातात, असा तो हिशोब. त्यात कळीची गोष्ट म्हणजे उन्हाळा. हिवाळा किती कडक आहे याने फार फरक पडत नाही. उन्हाळा थंड राहिला तर गेल्या वर्षीचा बर्फ उरतो, त्यावर नवा साचतो आणि हिमस्तर वाढतो. उन्हाळा तापला की उलटा प्रवास. आज ग्रीनलँडचं जे चाललंय, तो हाच उलटा प्रवास आहे. फरक इतकाच की यावेळी उन्हाळा तापवणारं कारण कक्षेत नाही, कोळसा आणि तेलाच्या धुरात आहे.

बर्फ वाढतोय की घटतोय हे सांगायचं तर आधी तो किती आहे हे मोजायला हवं. 1930 च्या मोहिमेत वेगेनर यांना तेच करायचं होतं. बर्फावर सुरुंग उडवायचा, त्याची लाट तळाच्या खडकावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून जाडी काढायची. जोडीला किनाऱ्यापासून सुमारे 400 किलोमीटर आत, बर्फाच्या मधोमध, वर्षभर हवामान नोंदवणारं एक ठाणं. त्याचं नाव आइसमिटे, म्हणजे बर्फाचा मध्य.

पण सुरुवातच बिघडली. किनाऱ्याजवळ समुद्र गोठलेला असल्याने सामान उतरवायला कित्येक आठवडे उशीर झाला. पंख्यावर चालणाऱ्या मोटार-घसरगाड्या आणल्या होत्या, त्यांनी ऐनवेळी दगा दिला. आइसमिटेवर योहानेस गेऑर्गी आणि एर्न्स्ट झोर्गे हे दोघे पुरेसं इंधन आणि अन्न नसताना बसले होते.

21 सप्टेंबरला वेगेनर रसद घेऊन स्वतः निघाले. सोबत फ्रिट्झ लोवे आणि 13 ग्रीनलँडवासी. थंडी वाढत गेली तसे बहुतेक जण परतले. शेवटी तिघेच उरले: वेगेनर, लोवे आणि विशीतला रास्मुस विलुमसेन. पारा उणे 50 च्याही खाली गेला. वाटेत बरंचसं सामान टाकून द्यावं लागलं. 40 दिवसांनी, 30 ऑक्टोबरला ते पोचले तेव्हा देण्यासारखं हातात जवळपास काहीच नव्हतं. तिकडे गेऑर्गी आणि झोर्गे यांनी बर्फात गुहा खोदून तिथेच हिवाळा काढायचं आधीच ठरवलं होतं.

लोवे यांच्या पायांची बोटं गोठली होती. ती पुढे त्या गुहेत खिशातल्या चाकूने कापावी लागली. पाच जणांना पुरेल इतकं अन्न नव्हतं. म्हणून 1 नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रास्मुसला घेऊन परत निघाले. 2 घसरगाड्या, 17 कुत्री. ते किनाऱ्याला पोचलेच नाहीत.

मे 1931 मध्ये निम्म्या वाटेवर बर्फात उभ्या रोवलेल्या स्की दिसल्या. खाली वेगेनर यांचा देह होता, नीट गुंडाळून पुरलेला. अतिश्रमाने हृदय थांबलं असावं, असा अंदाज आहे. हे सगळं नीट करून रास्मुस वेगेनर यांची डायरी घेऊन पुढे निघाला असावा. तो, ती डायरी, काहीच कधी सापडलं नाही. पुस्तकांत वेगेनर यांच्या मृत्यूवर पानं आहेत, रास्मुसच्या वाट्याला एखादी ओळ येते. हे मला खटकतं.

गुहेतल्या तिघांनी मात्र काम थांबवलं नाही. झोर्गे यांनी 15 मीटर खोल खड्डा खणून वर्षावर्षाचे थर आणि त्यांची घनता मोजली. रोजचं तापमान लिहिलं गेलं. सुरुंगांच्या मोजणीतून तिथे बर्फ दोन किलोमीटरहून जाड असल्याचं कळलं. या नोंदी नंतरच्या संशोधकांना तुलनेसाठी कामी आल्या. लोवे ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि पुढे मेलबर्नमध्ये त्यांनी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला.

खंड सरकतात, हे 1960 च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून जवळपास सगळ्यांनी मान्य केलं. आज अंटार्क्टिकात भारताचं भारती हे ठाणं लार्समन टेकड्यांमध्ये आहे. कधीकाळी तो भाग आपल्या पूर्व किनाऱ्याला जोडलेला होता आणि जागा निवडताना ही गोष्टही विचारात होती. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो.

आणि ग्रीनलँड? 2002 पासून उपग्रह त्याचं वजन करताहेत. दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून जास्त बर्फ कमी होतोय. सगळा वितळला तर समुद्र सुमारे 7 मीटरने चढेल. याला शतकं लागतील, पण मुंबईला त्रास द्यायला सात मीटर लागत नाहीत. ऑगस्ट 2021 मध्ये या हिमस्तराच्या माथ्यावरच्या संशोधन केंद्रावर बर्फ नाही, पाऊस पडला. तिथे पावसाची नोंद होण्याची ती पहिलीच वेळ होती.