ह्यू डीहेवन

अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर हापूसचा हंगाम आला कीं घरोघरीं पेट्या भरल्या जातात. तळाशीं पेंढा, फळांच्या मध्यें पेंढा, वरहि पेंढा. वाटेंत पेटी हिसके खाते, पण फळ शाबूत राहतें. त्याच मुंबई-गोवा रस्त्यानें आपलीं मुलेंहि मोटारींतून प्रवास करतात. मनुष्यासहि पेटींतील फळाप्रमाणें जपून न्यावें, हें ज्यांनीं जगास दाखविलें, ते गृहस्थ म्हणजे ह्यू डीहेवन होत.

त्यांचा जन्म इ. स. १८९५ सालीं अमेरिकेंत झाला. पहिल्या महायुद्धांत कॅनडांतील वैमानिक दळांत ते शिकत असतां, १९१७ मध्यें त्यांचें विमान दुसऱ्या विमानावर आदळून कोसळलें. पोटांतील इंद्रियांस जबर इजा होऊनहि ते वांचले. दुसरा कोणी दैवाचे आभार मानून स्वस्थ बसता. डीहेवन यांनीं मात्र कारण शोधलें. कमरेच्या पट्ट्याचें टोकदार बकलच पोटांत रुतलें होतें! विमान पडणें टळलें नसतें, पण बकल निराळें असतें तर ही इजा टळली असती.

पुढें कांहीं शोध लावून त्यांनीं द्रव्य मिळविलें. पण त्यांचें नांव राहिलें तें त्यामुळें नव्हे. १९४२ सालीं त्यांनीं ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनहि वांचलेल्या माणसांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं एक बाई सतराव्या मजल्यावरून हवा खेळण्यासाठीं बसविलेल्या एका पत्र्याच्या पेटीवर पडली. ती पेटी १२ ते १८ इंच चेपली आणि बाई उठून बसली. लोकांनीं यास चमत्कार म्हटलें असतें. डीहेवन यांनीं इंच मोजले. वेगांत असलेला देह एकाएकीं थांबला तर मोडतो, थांबण्यास थोडें अंतर मिळालें तर तगतो. उंचावरून रबरी गादीवर अंडीं टाकूनहि त्यांनीं हेंच पडताळून पाहिलें. (मुलांनीं हा प्रयोग आईस विचारल्यावांचून करूं नये.)

कॉर्नेल विद्यापीठांत त्यांनीं अपघातांतील इजांचें संशोधन सुरू केलें. पेटी मजबूत असावी, ती वाटेंत उघडूं नये, आंतील वस्तु हलूं नये आणि जेथें ती आपटेल तेथें कठीण कांहीं नसावें, हा माल बांधणाराचा नियम त्यांनीं मोटारीस लावला. खांदा व कंबर दोन्ही धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचें पेटंट त्यांस व ग्रिसवोल्ड यांस १९५५ सालीं मिळालें. तिकडे जर्मनींत बेला बारेनी यांस १९५२ मध्यें अशाच विचाराचें पेटंट मिळालें होतें : मोटारीचा पुढचा भाग चेपणारा, बसण्याची जागा मात्र भक्कम. समोरासमोर टक्कर झाली असतां मोटारीचें नाक चुरतें तें कारागिराच्या चुकीनें नव्हे, तर त्याच्या योजनेनें, हें पुष्कळ पालकांस ठाऊक नसतें. जुनी मोटार दणकट होती असें आपण म्हणतों. पण न चेपणारें लोखंड सगळा धक्का आंतील माणसाच्या छातीस देत असे.

डीहेवन १९८० सालीं वारले. भारतांत नव्या नमुन्यांच्या मोटारींस टकरीची परीक्षा सक्तीची झाली ती २०१७ सालीं. तिचें मानक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें प्रसिद्ध केलें आहे. मोटार ताशीं ५६ किलोमीटर वेगानें एका चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवितात, आणि आंत पट्टा बांधून बसविलेल्या बाहुल्यांच्या डोक्यास व छातीस किती मार बसला तें मोजतात.