फ्रान्सिस विल्यम ॲस्टन

फ्रान्सिस विल्यम ॲस्टन (१ सप्टेंबर १८७७ – २० नोव्हेंबर १९४५) हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९१९ मध्ये द्रव्यमान वर्णपटलेखक हे उपकरण तयार केले आणि त्याच्या साहाय्याने किरणोत्सारी नसलेल्या मूलद्रव्यांनाही समस्थानिक असतात, हे सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना १९२२ चे रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूंचा भार मोजणाऱ्या आजच्या द्रव्यमान वर्णपटमापन तंत्राच्या जनकांमध्ये त्यांची गणना होते. औषधे डीएनएशी कशी जोडली जातात, याचा अभ्यासही या तंत्राने केला जातो.

== प्रारंभिक जीवन ==
ॲस्टन यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या हारबोर्न येथे झाला. वडील धातूंचे व्यापारी होते. माल्व्हर्न कॉलेजमधील शालेय शिक्षणानंतर १८९३ मध्ये ॲस्टन यांनी बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात प्रवेश घेतला. तेथे पर्सी फ्रँकलंड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी टार्टारिक आम्लाच्या संयुगांवर संशोधन केले. १९०० ते १९०३ या काळात ते वुल्व्हरहॅम्प्टन येथील मद्यनिर्मितीच्या कारखान्यात रसायनज्ञ होते. क्ष-किरणांच्या शोधामुळे त्यांचे लक्ष विरळ वायूंतील विद्युत् विसर्जनाकडे वळले. निर्वात नळ्या व पंप ते स्वतः तयार करीत. १९०३ मध्ये ते बर्मिंगहॅम विद्यापीठात परतले. विसर्जन नळीतील ऋणाग्राला लागून असलेला अरुंद काळोखा पट्टा त्यांनी शोधला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

== निऑनचे कोडे ==
१९१० मध्ये ॲस्टन केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांचे साहाय्यक झाले. थॉमसन तेव्हा धन किरणांचा अभ्यास करीत होते. हे किरण विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून गेले की छायाचित्रण पट्टीवर वेगवेगळ्या भारांच्या आयनांचे वेगवेगळे वक्र उमटत. निऑन वायूच्या चित्रात २० या भाराच्या ठळक वक्राशेजारी २२ या भाराचा एक फिकट वक्र दिसला. निऑनचा ज्ञात अणुभार मात्र २०.२ होता.

फिकट वक्र एखाद्या अज्ञात संयुगाचा असू शकत होता. तसेच निऑनच दोन प्रकारच्या अणूंचे मिश्रण असण्याचीही शक्यता होती. निकाल लावण्यासाठी ॲस्टन यांनी निऑन सच्छिद्र मातीच्या नळ्यांमधून पुन्हा पुन्हा विसरित केला आणि स्वतः बनवलेल्या सूक्ष्म तराजूने त्याची घनता मोजली. १९१३ पर्यंत हलका व जड असे दोन भाग काही प्रमाणात वेगळे झाले. पण त्यांच्या घनतेतील फरक एक टक्क्याहूनही कमी असल्याने पुरावा निर्णायक ठरला नाही. त्यानंतर पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ॲस्टन यांची नेमणूक फार्नबरो येथील विमान कारखान्यात झाली. तेथे ते विमानांच्या कापडी आवरणांवरील लेपांचे काम करीत.

== द्रव्यमान वर्णपटलेखक ==
केंब्रिजला परतल्यावर ॲस्टन यांनी उपकरणाची रचनाच बदलली. थॉमसन यांच्या यंत्रात एकाच भाराचे आयन वेगातील फरकामुळे वक्रभर विखुरले जात. ॲस्टन यांनी विद्युत् क्षेत्रानंतर चुंबकीय क्षेत्राने किरण उलट दिशेला वळवले. त्यामुळे वेग निरनिराळे असले तरी समान भाराचे आयन पट्टीवर एकाच जागी केंद्रित होऊन सुस्पष्ट रेषा मिळू लागल्या. निऑनच्या २० व २२ या रेषा निर्विवादपणे वेगळ्या झाल्या. ३५.४६ अणुभार असलेला क्लोरीन हा ३५ व ३७ भारांच्या अणूंचे मिश्रण असल्याचेही आढळले.

ऑक्सिजनचा भार १६ मानल्यास इतर अणूंचे भार जवळजवळ पूर्णांक असतात, असा नियम ॲस्टन यांनी मांडला. अपूर्णांकी अणुभार ही केवळ मिश्रणाची सरासरी ठरली. निसर्गातील २८७ समस्थानिकांपैकी २१२ त्यांनी शोधले, असे मानले जाते. मात्र प्लॅटिनम व सोने यांसारखे धातू त्यांच्या पद्धतीला दाद देत नव्हते. त्यांचे विश्लेषण १९३५ मध्ये अमेरिकेतील आर्थर डेम्प्स्टर यांनी केले.

== नियमातील अपवाद आणि एक चूक ==
हायड्रोजनचा भार १ नसून सुमारे १.००८ भरला. चार हायड्रोजन अणूंपेक्षा एक हीलियम अणू किंचित हलका असतो, या निष्कर्षाच्या आधारे १९२० मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी ताऱ्यांच्या ऊर्जेचा उगम सुचवला. ॲस्टन यांनी दहा हजारांत एक इतक्या अचूकतेचे दुसरे उपकरण बनवले आणि १९२७ मध्ये पूर्णांकापासूनच्या अशा विचलनांची मोजमापे प्रसिद्ध केली. अणुगर्भ किती घट्ट बांधलेला आहे, हे त्यांतून समजू लागले.

हायड्रोजनसाठी त्यांनी दिलेला आकडा मात्र थोडा चुकीचा होता. रासायनिक अणुभाराशी त्याचा मेळ घालताना जड हायड्रोजन अस्तित्वात असावा, असा तर्क १९३१ मध्ये बर्ज व मेंझेल यांनी केला. त्या सूचनेवरून हॅरल्ड युरी यांनी शोध सुरू केला आणि त्यांना ड्यूटेरियम सापडले. आकडा अचूक असता तर त्या तर्काला आधारच उरला नसता.

== व्यक्तिगत जीवन ==
ॲस्टन अविवाहित होते व १९२० पासून ट्रिनिटी कॉलेजचे फेलो होते. संगीत, छायाचित्रण, बर्फावरील खेळ व प्रवास यांची त्यांना आवड होती. सूर्यग्रहणे पाहण्यासाठी ते सुमात्रा, कॅनडा व जपान येथे गेले. केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

== वारसा ==
ॲस्टन यांची उपकरणे प्रामुख्याने अणूंसाठी होती. डीएनएसारखे मोठे व नाजूक रेणू आयनीभवनात तुटत असल्याने त्यांचे असे मापन दीर्घकाळ अवघड राहिले. जॉन फेन यांनी विकसित केलेल्या विद्युत्-फवारा पद्धतीने ही अडचण दूर झाली. त्यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या पद्धतीत द्रावणाचे विद्युतभारित सूक्ष्म थेंब सुकवून रेणू अलगद वायुरूपात आणले जातात. त्यामुळे डीएनएची दुपेडी साखळी आणि तिला चिकटलेले औषध एकत्र मोजता येतात. बारा जोड्यांच्या साखळीचा भार सुमारे ७,३०० असतो. डिस्टामायसिनचा एक रेणू तिच्या खाचेत बसल्यास तो सुमारे ४८१ ने आणि दोन बसल्यास त्याच्या दुपटीने वाढतो. त्यावरून एका साखळीला औषधाचे किती रेणू जोडले गेले, हे थेट कळते. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरील औषध डीएनएला जोडले गेले की प्लॅटिनमच्या समस्थानिकांमुळे रेषांचा एक विशिष्ट समूह उमटतो आणि त्यावरून जोडणी ओळखता येते.