जेबीएलमधला ‘एल’ कोण? स्वतःच्या कंपनीचं यश ज्याला पाहता आलं नाही, त्या लान्सिंगची गोष्ट

मांडवातले मोठाले बॉक्स असोत नाहीतर हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर, जेबीएल हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. पण ही एका माणसाची आद्याक्षरं आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो माणूस म्हणजे जेम्स बुलो लान्सिंग.

१४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात त्याचा जन्म झाला. मूळ आडनाव मार्टिनी. वडील कोळसा खाणीत इंजिनिअर आणि घरात चौदा भावंडं. लहानपणापासून त्याला रेडिओ आणि यंत्रांचा नाद होता.

१९२७ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने केन डेकर या भागीदारासोबत ‘लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली. आडनावही बदललं. त्याच सुमारास चित्रपट बोलू लागले होते, पण थिएटरातले स्पीकर यथातथाच होते. एमजीएम स्टुडिओच्या डग्लस शिअररने नवी यंत्रणा बनवायला घेतली आणि तिचे स्पीकर लान्सिंगच्या कंपनीने घडवले. या ‘शिअरर हॉर्न’ला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

लान्सिंग कारागीर अव्वल होता, पण हिशोब हा त्याचा प्रांत नव्हता. ते डेकर सांभाळायचा. १९३९ मध्ये डेकर विमान अपघातात गेला आणि कंपनीची घडी विस्कटली. १९४१ मध्ये ती अल्टेकने विकत घेतली. नवं नाव पडलं ‘अल्टेक लान्सिंग’. लान्सिंग तिथे पाच वर्षं होता.

१९४६ मध्ये बाहेर पडून त्याने पुन्हा स्वतःची कंपनी काढली. ‘लान्सिंग’ या नावावर अल्टेकने हरकत घेतली, म्हणून कंपनीचं नाव ‘जेम्स बी. लान्सिंग साऊंड’ झालं.

इथेच त्याचा डी-१३० हा स्पीकर तयार झाला. १५ इंची शंकूला ४ इंच व्यासाची व्हॉइस कॉइल, तीही चपट्या तारेची. गोल तारेच्या वेढ्यांमध्ये फटी राहतात, चपटी तार मात्र घट्ट बसते. त्यामुळे कमी विजेत जास्त आवाज मिळतो.

माल उत्तम होता, पण डोक्यावर कर्ज वाढत गेलं. २९ सप्टेंबर १९४९ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी लान्सिंगने आत्महत्या केली.

कंपनी तिथेच संपली असती. पण लान्सिंगचा दहा हजार डॉलरचा विमा कंपनीच्या नावे होता. विल्यम थॉमस या सहकाऱ्याने त्या पैशांवर कारभार सावरला, पुढे लान्सिंगच्या पत्नीकडचा हिस्साही विकत घेतला. त्याने लान्सिंगचे स्पीकर बदलले नाहीत, फक्त धंदा नीट चालवला. डी-१३० पुढे गिटारच्या अँप्लिफायरमध्येही जाऊन बसला. १९५४ मध्ये ‘हार्ट्सफील्ड’ आणि १९५७ मध्ये ‘पॅरागॉन’ हे श्रीमंती थाटाचे स्पीकर आले. त्याच दशकात लांबलचक नावाऐवजी ‘जेबीएल’ ही तीन अक्षरं पुढे आली.

१९६९ मध्ये थॉमसने कंपनी सिडनी हरमन यांना विकली. हरमन समूह २०१७ पासून सॅमसंगकडे आहे. मालक बदलत गेले, पण डब्यावरचं नाव अजूनही लान्सिंगचंच आहे.