हिएई पर्वतावरचे आचार्य सायचो

जपानला जाऊन आलेले आपले बरेच उपासक तोक्यो पाहतात, क्योतोचा सोनेरी विहार पाहतात आणि परत येतात. क्योतोच्या ईशान्येला ८४८ मीटर उंचीचा हिएई पर्वत आहे, तिथे जाणं राहून जातं. बिवा सरोवराच्या काठी साकामोतो हे गाव आहे. तिथून १९२७ साली सुरू झालेली, दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे दोन किलोमीटर चढून वर नेते. वर उतरलं की सगळीकडे उंच, सरळसोट देवदारासारखी झाडं. जपानी लोक त्यांना सुगी म्हणतात. याच झाडीत एन्र्याकुजी विहाराच्या वास्तू तीन भागांत विखुरलेल्या आहेत. १९९४ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हा सारा पसारा एका विशीच्या आत-बाहेरच्या भिक्खूच्या झोपडीपासून सुरू झाला. त्यांचं नाव सायचो.

सायचोंचा जन्म इ.स. ७६७ च्या सुमारास याच साकामोतोत झाला. घराणं मूळचं चीनमधून येऊन स्थायिक झालेलं. बाराव्या वर्षी ते प्रांताच्या विहारात शिकायला गेले आणि ७८५ साली नारा येथील तोदाइजीमध्ये त्यांची उपसंपदा झाली. नारा ही त्या काळच्या संघाची राजधानीच. मोठे विहार, सरकारी मान, जमिनी. तिथे राहिले असते तर पुढचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण तीनच महिन्यांत सायचो सगळं सोडून गावामागच्या जंगलात चढले. त्यांनी लिहून ठेवलेल्या संकल्पात स्वतःला मूर्खातला मूर्ख म्हटलंय आणि इंद्रियं शुद्ध होईपर्यंत लोकांत मिसळणार नाही असं ठरवलंय. ७८८ साली त्यांनी तिथे लहानसा विहार उभारला आणि भैषज्यगुरू बुद्धाची मूर्ती स्वतः कोरली, असं परंपरा सांगते. त्या मूर्तीपुढे लावलेला दिवा पुढे फार प्रसिद्ध झाला.

पायथ्याशी पर्वताच्या देवाचं जुनं देवस्थान होतं, आजचं हियोशी ताइशा. माकडं ही त्या देवाची दूत मानतात. सायचोंनी त्याला मोडीत काढलं नाही, विहाराचा रक्षक मानलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या मनाला हे जरा खटकतं. पण जपानात विहार आणि देवस्थान हजार वर्षं असेच शेजारी नांदले. १८६८ नंतर सरकारने ते वेगळे केले.

८०४ साली सायचो सरकारी जहाजांतून चीनला गेले. चार जहाजं निघाली, त्यातली दोनच पोहोचली. तिएनताइ पर्वतावर सद्धर्मपुंडरीक सूत्राचा अभ्यास करून, ग्रंथांच्या प्रती घेऊन ते पुढच्या वर्षी परतले. त्या पर्वताच्या नावावरूनच जपानात तेंदाइ पंथ झाला.

आता त्यांच्या आयुष्यातला खरा झगडा. नाराच्या होस्सो पंथाचं मत असं की सगळी माणसं बुद्ध होऊ शकत नाहीत. माणसांचे पाच प्रकार आहेत आणि शेवटच्या प्रकारातल्यांमध्ये बोधीचं बीजच नाही, त्यांनी कितीही धडपड केली तरी व्यर्थ. या प्रकारांना मूळ शब्द कोणता, तर गोत्र! ही मांडणी भारतातल्या योगाचार परंपरेतून चीनमार्गे तिकडे पोहोचली होती. त्यात जातीचा संबंध नव्हता हे खरं. पण माणूस काय होऊ शकेल हे आधीच ठरलेलं असतं, हा विचार आपल्याला काही नवा नाही. सायचोंनी त्याला ठाम विरोध केला. एकच यान आहे आणि ते सर्वांना नेणारं आहे, असं सद्धर्मपुंडरीकाच्या आधाराने त्यांनी मांडलं. तोकुइत्सु नावाच्या होस्सो विद्वानाशी हा वाद ८१७ पासून काही वर्षं चालला. ग्रंथाला ग्रंथाने उत्तर, असा तो वाद होता.

दरम्यान एक मन मोडणारी गोष्ट घडली. चीनच्या त्याच सफरीत गेलेले कूकाइ तंत्रविद्येत सायचोंच्या पुढे होते. सायचो मोठे आणि प्रतिष्ठित, तरी ८१२ साली त्यांनी या धाकट्या भिक्खूकडून दीक्षा घेतली. पुढे कूकाइंनी एक ग्रंथ द्यायला नकार दिला आणि सायचोंचा लाडका शिष्य ताइहान त्यांच्याकडेच राहिला. मैत्री तुटली.

शिष्य असे जातच होते. उपसंपदेसाठी त्यांना नारालाच पाठवावं लागे आणि गेलेले तिकडेच रमत. बारा वर्षांत चोवीस जणांची निवड झाली, त्यातले जेमतेम दहा पर्वतावर उरले. म्हणून ८१८ पासून सायचोंनी मागणी लावून धरली की हिएईवरच बोधिसत्त्वाच्या शीलांची दीक्षा द्यावी आणि दीक्षितांनी बारा वर्षं डोंगर उतरू नये. जुना विनय बाजूला ठेवण्याची ही कल्पना आपल्याकडच्या भिक्खूंना पटणार नाही. नाराच्या भिक्खूंनाही पटली नाही. ८२२ साली सायचो गेले, तेव्हा अर्ज तसाच पडून होता. सात दिवसांनी परवानगी आली.

पुढे होनेन, शिनरान, एइसाइ, दोगेन, निचिरेन हे सगळे याच पर्वतावर शिकले. पण सर्वांना बुद्धत्व म्हणणाऱ्या या पर्वतावर १८७२ पर्यंत स्त्रियांना पाऊल टाकता येत नव्हतं, हेही लिहायला हवं. भिक्खूंनी शस्त्रंही हाती घेतली, राजकारणात पडले. १५७१ साली ओदा नोबुनागाने सारा पर्वत जाळला, माणसं कापली. तो दिवाही विझला. मात्र त्याची ज्योत आधीच दूर उत्तरेत, यामादेरा या डोंगरातल्याच विहारात नेलेली होती. तिथून ती परत आणली गेली.

पश्चिम भागात जोदो-इन ही सायचोंची समाधी आहे. तिथे एक भिक्खू बारा वर्षं डोंगर न उतरता राहतो, आचार्य जिवंत आहेत असं मानून त्यांना रोज जेवण वाढतो आणि अंगणात एक पान राहू देत नाही. मुख्य विहाराची, कोन्पोन चूदोची, आजची इमारत सतराव्या शतकातली आहे. २०१६ साली तिची मोठी दुरुस्ती हाती घेतली गेली. आत गेल्यावर आधी काही दिसत नाही, इतका अंधार. मग लक्षात येतं की गाभाऱ्याची जमीन आपण बसतो त्या जागेपेक्षा सुमारे तीन मीटर खाली आहे. त्या खोलीतून वर बांधत आणलेलं बुद्धाचं आसन, त्यापुढचे तीन दिवे आणि समोर बसलेला माणूस एकाच उंचीवर येतात.